सोसायटीतलं तण दरवर्षी फवारूनही परत का येतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाणेरच्या बाजूला बेचाळीस फ्लॅटची सोसायटी. दर पावसाळ्यात माळीकाका पाठीवरच्या पंपाने 'तणाचं औषध' मारतात, पंधरा दिवसांत सगळं पिवळं पडतं आणि गणपती येईपर्यंत पुन्हा गुडघाभर वाढतं. यंदा कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो आणखी जहाल औषध आणा, दुसरा म्हणतो औषध नकोच, खडेमीठ टाका, आवारात पोरं खेळतात. आणि तुम्ही मधल्या मध्ये विचारताय की कायमचा उपाय कोणता. सोबत चार फोटो जोडलेत ते बरं केलंत, कारण खरं उत्तर त्या फोटोंमध्येच आहे.

मी पुण्यात बावीस वर्षं सोसायट्या आणि बंगल्यांच्या बागांची देखभाल करतो. आधीच सांगून टाकतो, कायमचा उपाय नाही. घरातला केर एकदाच काढून भागत नाही, तसंच हे आहे. पण दर वर्षी कमी होत जाईल असा उपाय आहे. तिसऱ्या वर्षी दोन बायकांच्या दीड दिवसाच्या खुरपणीत भागतंय, अशा सोसायट्या माझ्याकडे आहेत.

आता फोटो. पहिल्यात पेव्हर ब्लॉकच्या फटींतून आलेली नायटी, घोळ, आंबुशी आणि कडेने घुसलेली हरळी आहे. दुसऱ्यात कुंपणभिंतीला लागून गाजरगवत, कमरेएवढं, फुलावर आलेलं. तिसऱ्यात फुलझाडांच्या वाफ्यात लव्हाळा. चौथ्यात ड्रेनेजच्या पाइपामागून डोकावणारा पिंपळ. तुम्ही या सगळ्याला 'तण' म्हणताय आणि माळीकाका सगळ्यावर एकच पंप फिरवतायत. पण यातलं एक बियांवर जगतं, एक जमिनीतल्या गाठींवर, एक पक्ष्यांच्या विष्ठेतून येतं, आणि फटीतली मंडळी तुम्ही झाडलोट करत नाही म्हणून तिथे आहेत. सर्दी, खरूज आणि मोडलेलं हाड यांवर एकच गोळी, असा प्रकार चालू आहे.

आधी फवारून परत का येतं ते बघू. पंपात काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बहुतेक तुम्हालाही कुणी सांगितलेलं नसणार. तणनाशकं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. काही नुसती भाजतात. जिथे थेंब पडतो तेवढं पान करपतं, मूळ शाबूत राहतं. पॅराक्वाट यातलं. ते माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ते सोसायटीच्या आवारात कुणी आणूच नये, माळीकाकांच्या खोलीत पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं तर दूरच. (ही बाटली मी डोळ्यांनी पाहिलेली आहे, आणि तिच्यावर शीतपेयाचं लेबल होतं.) दुसरी तऱ्हा पानातून शिरून मुळापर्यंत उतरते. ग्लायफोसेट हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. आठ-पंधरा दिवसांत सावकाश पिवळं पडणं ही त्याचीच खूण, त्यामुळे तुमच्याकडे तेच असावं असा माझा अंदाज.

ग्लायफोसेट मातीला टेकलं की मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. म्हणजे आज जे हिरवं उभं आहे ते मरतं, पण मातीत जे बी पडलेलं आहे त्याला त्याची कल्पनाही नसते. वरची सावली गेली, ऊन जमिनीला लागलं, पावसाने ओल दिली, झालं. तुम्हाला वाटतं मेलेलं तण परत आलं. ते मेलं ते मेलंच, आता त्याच्या बियांची पुढची पंगत बसली आहे. जास्त जहाल औषध आणलंत तरी ही पंगत उठणार नाही.

शिवाय कायद्याची बाब आहे आणि ती कमिटीसमोर ठेवाच. भारतात ग्लायफोसेटची नोंदणी मुळात चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा एवढ्यासाठीच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की पेस्ट कंट्रोल ऑपरेटरखेरीज ते कुणी वापरू नये. त्यामुळे माळीकाकांनी कृषी सेवा केंद्रातून डबा आणून पंप मारणं यात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. काही देशांच्या नियामक संस्थांचं मत याहून वेगळं आहे, आणि त्या वादात मी पडत नाही. मी एवढंच बघतो की तुमच्या फटीतल्या नायटीसाठी हे सगळं ओढवून घ्यायची गरज आहे का. नाही.

मी औषधांच्या विरोधात आहे असं समजू नका. क्वचित वापरतो, पुढे येईल. पण धंद्यात नवा होतो तेव्हा एका बंगल्याच्या लॉनमध्ये कंबरमोडी फार झाली म्हणून मी टू-फोर-डी नावाचं तणनाशक मारलं. ते गवताला सोडतं आणि रुंद पानांच्या तणाला मारतं, हे पाठ होतं. एप्रिलची दुपार होती, वारा होता, हे मात्र डोक्यात नव्हतं. आठवड्याने शेजारच्या पपईची नवी पानं दोऱ्यासारखी आक्रसून आली. त्यावर कडी म्हणजे तोच पंप एकदा पाण्याने खंगाळून मी दुसऱ्या ठिकाणी गुलाबांवर कडुलिंबाचं तेल फवारलं. बारा गुलाब भरून दिले. तेव्हापासून आमच्याकडे तणनाशकाचा पंप लाल रंगाने रंगवलेला असतो आणि तो दुसऱ्या कशालाही लागत नाही. तुमच्या माळीकाकांकडे एकच पंप असेल तर तुमच्या जास्वंदीची पानं वाकडी का येतात याचंही उत्तर कदाचित त्यातच आहे.

आता जागेगणिक बघू. पेव्हर ब्लॉकचं सगळ्यात सोपं. फटीत तण खालून येतं असा समज आहे. खाली कच अंथरलेली असते, तिच्यात काही उगवायला फारसं नसतं. तण वरून येतं. फटीतली वाळू निघून गेली की पोकळीत धूळ, सुकलेली पानं, कुंडीतून वाहून आलेली माती साचते आणि दोन-तीन वर्षांत तिथे फटीएवढी शेतं तयार होतात. वाळू कशाने जाते? तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात गाड्या धुण्याचा प्रेशर पंप दिसतोय. त्याने. रोज सकाळी जोरात पाणी मारून फटी उकरायच्या आणि पावसाळ्यात तण आलं म्हणून औषध मारायचं!

यावर माझ्याकडची पद्धत अशी. वळवाचे एक-दोन पाऊस पडले की फटींतलं बी उगवतं. रोपं दोन-चार पानांची असतानाच, ओल आहे तोवर, खुरप्याच्या टोकाने किंवा हॅकसॉच्या जुन्या पात्याने फट खरवडून काढायची. पातं एका बाजूने वाकवून लाकडी मुठीत बसवलं तर मनगट दुखत नाही. निघालेली माती तिथेच झाडून ढकलायची नाही, घमेल्यात भरून न्यायची. मग दोन कोरडे दिवस बघून फटींत धुतलेली क्रश सँड खराट्याने लोटून भरायची, वर हलकं पाणी शिंपडून पुन्हा एकदा भरायची. फट काठोकाठ भरलेली असली की धुळीला जागा नाही. सिमेंटने फटी बुजवून टाका असं कुणी तरी सुचवेलच. तसं करू नका. ब्लॉक थोडेफार हलतात, सिमेंटला तडे जातात, तण त्या तड्यांतून येतं आणि वर पावसाचं पाणी मुरायचं बंद होऊन पार्किंगमध्ये तळं साचतं ते वेगळंच.

ज्यांना खाली बसून खरवडणं जमत नाही त्यांच्यासाठी उकळतं पाणी हा चांगला उपाय आहे. कोवळ्या रोपावर किटलीने थेट बुडाशी ओतायचं, तासाभरात मान टाकतं. पण हे वीस-तीस फुटांच्या फटींपुरतं. नायटी, घोळ, आंबुशी मरतात. हरळीच्या मुळांना काही होत नाही, ती आठ दिवसांत पुन्हा येते. हरळी बहुतेक वेळा लॉनमधून चालत आलेली असते, म्हणून लॉन आणि ब्लॉक यांच्यामध्ये फावड्याने चार बोटं रुंद चर ठेवायचा आणि महिन्यातून एकदा त्यातल्या हरळीच्या दोऱ्या कापायच्या. सावलीतल्या ब्लॉकवर हिरवट थर आहे ते शेवाळ. त्याचं दुखणं वेगळं, तिथे पाण्याचा निचरा बघा.

मिठाबद्दल. मीठ टाकल्याने तण मरतं हे खरं. पण मीठ मातीत नाहीसं होत नाही, पावसाबरोबर उताराच्या दिशेने सरकतं. तुमच्याकडे उतार झाडांच्या वाफ्याकडे आहे. भिंतीजवळ टाकलंत तर ओलीबरोबर काँक्रीटमध्ये शिरून आतल्या सळीला गंज चढवतं. व्हिनेगर स्वयंपाकघरातलं असेल तर त्यात चार-पाच टक्केच आम्ल असतं. अगदी कोवळं रोप पोळतं, थोरल्या तणाला आंघोळ घातल्यासारखं. मीठ, व्हिनेगर आणि भांडी घासायचा साबण यांचं मिश्रण मोबाइलवर फिरत असतं. ते 'नैसर्गिक' म्हणून पाठवणाऱ्यांना नम्रपणे नमस्कार करा.

गाजरगवताकडे येऊ, कारण तुमच्या चार फोटोंपैकी तातडीचा हाच आहे. पुण्याचं आणि याचं जुनं नातं. देशात हे तण पसरतंय अशी नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातूनच झाली. अमेरिकेच्या गव्हातून आलं, म्हणून 'काँग्रेस गवत', ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ज्या पीएल-४८० योजनेखाली अमेरिकेचा गहू यायचा, तिचा भारताशी करार १९५६ चा आहे, म्हणजे नोंद आधीची. गहू त्याआधीही येत होता, त्यामुळे कथा अगदीच खोटी म्हणवत नाही, पण तारखा नीट जुळत नाहीत एवढं खरं.

कामाचा मुद्दा हा, की एक झाड दहा ते पंचवीस हजार बिया टाकतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. आमच्या धंद्यात याचं एकच पथ्य, पांढरं फूल दिसायच्या आत उपटायचं. पावसाने माती मऊ झालेली असताना मुळासकट निघतं. कापलं तर बुडाशी फांद्या फुटून तळहाताएवढ्या उंचीवर फुलतं आणि मग ग्रास कटरच्या पात्याखालीसुद्धा येत नाही. तुमच्याकडे जुलैत ग्रास कटर फिरवून सप्टेंबरात दुप्पट झालं असं तुम्ही लिहिलंय, ते यामुळेच.

उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकावर कापड, हे चोचले नाहीत. आमच्याकडे एक मामा होते. पंधरा वर्षं उघड्या हाताने गाजरगवत उपटलं, काही झालं नाही, म्हणून मोजे म्हटले की हसायचे. मग एका वर्षी कोपरापासून खाली आणि मानेवर खाज सुरू झाली, कातडी जाड, काळी पडली, रात्रीची झोप गेली. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं. आता नुसत्या जवळून गेले तरी डोळे सुजतात. ही ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही, वर्षानुवर्षं साचत जाते. सोसायटीत कुणाला दमा असेल तर फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांना त्या बाजूला फिरायला जाऊ देऊ नका, आणि 'श्रमदान' म्हणून मुलांना तर अजिबात लावू नका.

फुलापूर्वी उपटलेलं गाजरगवत कंपोस्टमध्ये चालतं. फुलावर आलेलं असेल तर काळ्या पिशवीत गच्च बांधून उन्हात महिनाभर कुजू द्यायचं, खड्ड्यात टाकायचं नाही. पेटवायचं तर नाहीच. कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, धूर लोकांच्या घरात जातो तो वेगळाच.

एक गंमत. पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळणीसारखी दिसली तर जवळ जाऊन बघा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी वळणदार रेघा असलेला, डाळीएवढा भुंगा दिसेल. हा मेक्सिकोचा पाहुणा. १९८४ मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडला, आता आपल्याकडेही सर्रास दिसतो. जून ते सप्टेंबर खातो, मग मातीत जाऊन झोपतो. एकट्याने तो सगळं संपवत नाही, पण जिथे तो आहे तिथे फवारणी करून त्याला उपाशी मारायचं कारण नाही. दुसरा मदतनीस टाकळा. भिंतीलगतची पट्टी उपटून मोकळी झाली की पावसाच्या सुरुवातीला तिथे टाकळ्याचं बी दाट फेकतो. तो गाजरगवताला वर येऊ देत नाही, आणि कोवळ्या पानांची भाजी होते. (ज्या जागी औषध मारलं आहे तिथली मात्र खाऊ नका.)

शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून बी येतं, मग आमच्या उपटण्याचा उपयोग काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. प्लॉटच्या मालकाला पत्र द्या, क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा, आणि दोन्हींची वाट बघत बसू नका. बी वाऱ्याने उडतं, पण मोठा भाग झाडाच्या आसपासच पडतो आणि पुढे पाण्याबरोबर आणि गाड्यांच्या चाकांबरोबर पसरतो. मालकाची संमती घेऊन कुंपणापलीकडची दहा फुटांची पट्टी फुलापूर्वी साफ केली तर तुमचा निम्मा त्रास जातो. एका सोसायटीत आम्ही हेच केलं. तिथे मालकाने उलट फोन करून आभार मानले आणि उरलेल्या प्लॉटचं काम आम्हालाच दिलं. सगळीकडे असं नशीब नसतं.

आता लव्हाळा. इथे मात्र मी तुम्हाला धीर धरायला सांगणार आहे. आधी ओळख पटवा. काडी दोन बोटांत धरून फिरवा. गवताची काडी गोल फिरते, लव्हाळ्याची तीन कडांवर अडखळते. मग त्याच्या शेजारी खुरपं हातभर नाही, पण वीतभर तरी सरळ खाली घाला आणि मातीचा ढेकूळ उचलून हातात फोडा. पांढऱ्या दोऱ्यासारखं मूळ दिसेल, त्याच्या टोकाला काळी गाठ, तिच्यातून निघालेला आणखी एक दोरा, पुढे आणखी गाठ. माळेत ओवल्यासारख्या. गाठ नखाने फोडली की आत पांढरी असते आणि ओळखीचा वास येतो. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच. वरून ओढलं की तो दोरा तुटतो, गाठ खालीच राहते आणि सुटी झाल्यामुळे जोमाने फुटते. जितकं नुसतं ओढाल तितका दाट होईल. टिकावाने वाफा खणलात तर माळा तुटून गाठी सगळीकडे पसरतील. मी एकदा हे केलंय. एका कोपऱ्यातला लव्हाळा महिन्याभरात सबंध वाफ्यात एकसारखा लावून दिला, जणू लागवडच.

मग करायचं काय? गाठीला पानं फुटली की सुरुवातीला ती स्वतःतली शिदोरी खर्च करत असते. महिन्याभरात पानांनी पुरेसं कमावलं की नवीन गाठी धरायला लागतात. आपण त्या महिन्याच्या आत वार करायचा. दर बारा-पंधरा दिवसांनी, पाच-सहा पानं झाली की ढेकूळ उचलून, जेवढ्या गाठी निघतील तेवढ्या काढायच्या. सगळ्या निघणार नाहीत. पण राहिलेल्या गाठी पुन:पुन्हा फुटून रिकाम्या होत जातात. एक पावसाळा नेमाने केलंत तर पुढच्या वर्षी फरक दिसतो. मध्ये दोन खेपा चुकल्या तर पहिले पाढे पंचावन्न.

लव्हाळ्याचं दुसरं मर्म म्हणजे त्याला सावली सोसत नाही. तुमच्या वाफ्यात झाडं तीन-तीन फुटांवर आहेत, मध्ये उघडी माती आणि तिला रोज पाणी. लव्हाळ्याला याहून चांगलं घर मिळणार नाही. तगर, कामिनी, एक्झोरा दाट लावा, पानाला पान भिडू द्या. मोकळ्या जागेत वेडेलियाची पिवळी वेल कुणी सुचवली तर नको म्हणा, ती नंतर स्वतःच तण होते.

काळा प्लास्टिक कागद अंथरण्याचा प्रयोग बरेच जण करतात आणि फसतात. काळ्या कागदाखाली अंधारात लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा मिटलेला सरळ वर येतो आणि कागदाला भोक पाडून बाहेर निघतो. वाफा रिकामाच असेल तर एप्रिल-मेमध्ये भरपूर पाणी देऊन वर पारदर्शक कागद ताणून कडा मातीत पुरा, चार ते सहा आठवडे. पारदर्शक कागदाखाली उजेड लागताच कोंब पान उलगडतो, अडकतो आणि तिथेच भाजून निघतो. इतर तणांचं वरच्या थरातलं बीही जातं. खोलवरच्या गाठी मात्र वाचतात, म्हणून पुढची खुरपणी सुटत नाही.

आणि हा लव्हाळा आला कुठून हे कमिटीत विचारा. माझी पैज आहे, दोन-तीन वर्षांपूर्वी बागेसाठी ट्रकभर लाल माती किंवा पोयटा टाकलेला असणार. मी पाहिलेल्या दहातल्या आठ ठिकाणी लव्हाळा पैसे देऊन आणलेला असतो. अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनही तणाचं बी येतं, नर्सरीतल्या रोपाच्या पिशवीतूनही येतं. माती घेताना ट्रक रिकामा होऊ द्यायच्या आधी दोन-चार ठिकाणी हात घालून बघा, काळ्या गाठी दिसल्या तर परत पाठवा. शेणखत मुठीत दाबलं की गरम लागत असेल, शेणाचा वास येत असेल, तर ते अजून तयार नाही.

माती उघडी ठेवायची नाही, हे वाफ्यांचं सगळ्यात मोठं काम. तुमच्या आवारात पाना-पाचोळ्याचे ढीग आहेत आणि तुम्ही ते पैसे देऊन उचलायला लावताय. तोच पाला झाडांच्या बुंध्यापासून वीतभर जागा सोडून तीन-चार इंच जाड पसरा. दोन महिन्यांत दबून इंचभर होतो, पुन्हा भर घाला. पातळ पसरून उपयोग नाही, उजेड आत जातो. नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, काहीही चालतं. बिनकामाची गोष्ट म्हणजे शोभेचे पांढरे गोटे. पहिल्या वर्षी फोटो छान येतात, दुसऱ्या वर्षी गोट्यांमध्ये माती साचते आणि खुरपंही चालत नाही.

थोडक्यात वर्षाचा क्रम असा धरा. मे महिन्यात फटींसाठी वाळू आणून ठेवा, वाफ्यात पाला टाका. वळवानंतर उगवलेली पहिली पिढी कोवळी असतानाच खरवडा, ही खेप वर्षातली सगळ्यात मोलाची. जुलैच्या मध्याला गाजरगवताची एक फेरी, ऑगस्टच्या मध्याला दुसरी. लव्हाळ्याची खुरपणी पंधरवड्याला. दसऱ्यानंतर पाणी फक्त झाडाच्या आळ्यात द्या, वाफाभर पाइप सोडू नका. पहिल्या वर्षी हे फवारणीपेक्षा महाग पडेल, ते कमिटीला आधीच सांगा. आणि सगळंच उपटायचा हट्ट नको. मागच्या कोपऱ्यात आघाडा, माका, दूर्वा थोड्या राहू द्या. भाद्रपदात गेटबाहेर पत्रीची जुडी विकत घेणारे तुम्हीच असता.

पिंपळाचं शेवटी ठेवलं, कारण तिथे घाई आणि संयम दोन्ही लागतं. मैना, बुलबुल फळं खातात, विष्ठेतून बी पाइपामागच्या ओलसर फटीत पडतं. दर वर्षी तुमचे प्लंबर ते कापतात. कापल्याने वरचं जातं, मूळ आत जाड होत राहतं आणि प्लॅस्टर फुगवतं. रोप पेन्सिलीएवढं असेल तर गवंड्याकडून आसपासचं प्लॅस्टर फोडून मूळ अखंड काढून घ्या, फट पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा आणि मुख्य म्हणजे पाइपाच्या सांध्यातली गळती बंद करा, ओल राहिली तर पुढच्या वर्षी वड येईल. निघालेलं रोप फेकवत नसेल तर कुंडीत लावा, आमचे निम्मे ग्राहक तेच करतात, पुढे टेकडीवर नेऊन लावतात. खोड अंगठ्याहून जाड असेल तर मूळ ओढताना भिंतच सोबत येते. तिथे कापल्या कापल्या ताज्या चकतीवर ब्रशने तणनाशक लावावं लागतं, तेही परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडून. मी औषध वापरतो असं मघाशी म्हटलं ते अशाच ठिकाणी, थेंबभर. आणि त्याचं झाड झालं असेल तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. फोटो लांबून घेतल्यामुळे जाडी कळत नाही. खोडाशेजारी एखादं पेन धरून जवळून एक फोटो काढा, म्हणजे गवंडी बोलवायचा की पेस्ट कंट्रोलवाला ते सांगता येईल.